घरदुरुस्तीचे पुस्तक निवडताना

शिरपूर तालुक्यातील खेड्यांत सिमेंटची घरे वाढत असली, तरी मातीच्या भिंती, लाकडी कड्या, त्यांवर किलचण आणि वर मातीचा जाड थर अशी धाब्याची घरे अद्याप वापरात आहेत. त्यांची डागडुजी पूर्वी घरातील वडीलधारी माणसेच करीत. ती पिढी सरत चालल्यामुळे तरुण शेतकरी पुस्तकांकडे व मासिकांकडे वळतो, हे योग्यच होय. मात्र निवड चुकल्यास पैसा वाया जातोच, शिवाय घरातील माणसांच्या जिवालाही धोका पोहोचतो.

पुस्तक कोणत्या घराविषयी लिहिले आहे, हे प्रथम पाहावे. कोकणातील जांभ्या दगडाच्या कौलारू घरासाठी दिलेली कृती कितीही उत्तम असली, तरी ती धाब्याला लागू पडत नाही. शहरी वाचकांच्या मासिकांत ओल थांबविण्यासाठी सिमेंटचा गिलावा सुचविलेला असतो. पक्क्या विटांवर तो चालतो. मातीच्या भिंतीला तो नीट धरत नाही आणि आत शिरलेली ओल बाहेर पडू देत नाही. भिंत वरून कोरडी दिसते व आतून मऊ होत जाते. पुढे ती पावसाळ्यात पडली, म्हणजे दोष बिचाऱ्या मातीला दिला जातो! शब्दांचाही घोटाळा होतो. खानदेशातील धाब्याला इतरत्र माळवद म्हणतात. म्हणून अनुक्रमणिकेत धाबे आढळले नाही, तरी पुस्तक लगेच परत ठेवू नये.

त्यानंतर भिंतीच्या भेगांचे प्रकरण उघडून वाचावे. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरील पाया हलतो. भेग बुजविण्यापूर्वी पन्हळीचे पाणी पायापासून दूर न्यावयास जे पुस्तक सांगते, ते कारण जाणते. केवळ भेग भरावयास सांगणारे पुस्तक दरवर्षी तेच काम करावयास लावील.

धाब्याविषयी याहून अधिक सावध राहावे. गळती दिसली की वर आणखी माती टाका, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. प्रत्येक थराबरोबर कड्यांवरील भार वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती व वरची जड माळवदे कोसळून हजारो माणसे झोपेतच दगावली. जुना थर खरवडून मगच नवी माती घालावी, आणि तत्पूर्वी कड्यांची टोके टोचून वाळवी लागली आहे काय ते पाहावे, असे स्पष्ट सांगणारेच पुस्तक वाचनालयासाठी घ्यावे.

चांगली कृती कशी लिहिलेली असते, याचा नमुना मातीच्या घरांसंबंधीच्या भारतीय मानक १३८२७ (१९९३) मध्ये मिळतो. पाण्याने न धुपणाऱ्या गिलाव्यासाठी दीड किलो डांबर १५ ग्रॅम मेणासह वितळवावे, ते ३०० मिलिलिटर रॉकेलमध्ये ढवळत ओतावे आणि सुमारे ३० लिटर चिखलात मिसळावे, असे त्यात सांगितले आहे. येथे माप आहे व क्रमही आहे. रॉकेल चुलीपासून दूर ठेवावे, हे मात्र वाचकाला बजावून सांगावे लागते. ‘थोडे डांबर घालावे’ एवढेच लिहिणाऱ्या लेखकाने ते काम स्वतः केले असेल की काय, याची शंका येते. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला; त्यापूर्वीच्या पुस्तकांतील शेर व मण किलोंत बदलून घ्यावे. विजेच्या कामासाठी जुने पुस्तक मुळीच वापरू नये. ते काम परवानाधारक तारतंत्र्याकडे सोपवावे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत शिकण्याचे तेथील शिक्षण मराठीतून चालते, म्हणून तेथील साहित्य मागवून पाहण्यासारखे आहे. लॉरी बेकर यांची मातीच्या बांधकामावरील पुस्तिका इंग्रजीत असली, तरी तिच्यातील हातांनी काढलेली चित्रे गवंड्याला सहज उमगतात. मासिकाची वर्गणी भरण्यापूर्वी मात्र त्याचे मागील वर्षाचे सर्व अंक चाळावेत. एका अंकातील सुंदर लेखावरून निर्णय घेऊ नये.

धाब्यावरची माती आखाजीनंतर व मृगापूर्वी घातली जाते. वाचनालयाने पुस्तके फाल्गुनातच आणून ठेवावीत आणि प्रत्येकात एक कोरा कागद चिकटवावा. कोणत्या पानावरील कृती कोणत्या भिंतीवर केली आणि पोळ्यापर्यंत ती कशी टिकली, हे वापरणाऱ्याने त्यावर लिहावे.