कामें तडीस कां जातात आणि अर्ध्यावर कां राहतात ? — कोल्हापूर प्रांतांतील कांहीं उदाहरणें

गांवांत एखादें नवें काम निघतें तेव्हां उत्साहाची वानवा नसते. सभा होते, वर्गणी जमते, नारळ फुटतो. पुढें कांहीं कामें पिढ्यान्‌पिढ्या चालतात व कांहीं दोन-चार वर्षांत बंद पडतात. असें कां व्हावें, असा प्रश्न केला तर कोणी दैवाकडे बोट दाखवितो, कोणी सरकारकडे, तर कोणी लोकांच्या आळसाकडे. या उत्तरांत थोडेंफार तथ्य असेलही. परंतु पुढचें काम हातीं घेतांना आपण काय पाहावें, हें त्यांतून कळत नाहीं. म्हणून आमच्याच भागांतील कांहीं कामें या दृष्टीनें तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गूळ, चहा आणि दूध

शाहू छत्रपतींनीं १८९४ सालीं राज्यकारभार हातीं घेतला व १८९५ सालीं शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी १८९१ सालींच आली होती, त्यामुळें माल बाहेर जाण्यास वाट होती. ही पेठ गुळाची पेठ म्हणून नांवारूपास आली. त्याच महाराजांनीं पन्हाळ्याच्या परिसरांत चहाची लागवडही करविली, व तो चहा ‘पन्हाळा चहा’ म्हणून ओळखला गेला. कर्ता एक, राज्य एक. तरी गूळ हें कोल्हापूरचें भूषण झालें, इतकें कीं २०१४ सालीं त्यास भौगोलिक मानांकन मिळालें. आणि चहा मात्र कुणब्याच्या शेतांत उतरला नाहीं.

आमच्या मतें याचें कारण असें. चहाच्या झाडास वर्षभर विभागून पडणारा पाऊस मानवतो. आमच्याकडे डोंगरी भागांत पाऊस पुष्कळ, पण तो जून ते ऑक्टोबर. पुढचे महिने कोरडे. शिवाय खुडलेलें पान लगेच सुकवून, मळून, भाजून काढावें लागतें. त्यास कारखाना जवळ हवा. दोन-चार एकरांच्या धन्यानें तें पान कोठें न्यावें ?

उलट गुळाचें पाहा. गुऱ्हाळ शेताच्या बांधालाच उभें राहतें. चरकांतून निघालेलें चिपाड वाळवून तेंच चुलवाणांत जळण म्हणून जातें. काहिलींतील रसाची मळी काढण्यास भेंडीचा चीक उपयोगीं पडतो, तो घरचाच. गुळव्या आणि जळव्या गांवचे किंवा शेजारगांवचे. रवे तयार झाले कीं गाडी पेठेंत जाते, सौदा निघतो व दर कळतो. उंसाची कांडी लावल्यापासून रुपया पदरांत पडेपर्यंत एकही कडी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर नव्हती. आज मजुरांची टंचाई व साखर कारखान्यांची ओढ यांमुळें गुऱ्हाळें पुष्कळ कमी झालीं आहेत, हें खरें; तथापि एवढा काळ तीं टिकलीं, तीं या सलग साखळीमुळेंच.

यावर कोणी म्हणेल कीं नाशवंत माल आमच्या नशिबींच नाहीं. तसें नव्हे. दूध तर चहाच्या पानाहूनही नाशवंत. तरी कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ सालीं स्थापन झाला व ‘गोकुळ’ या नांवानें घरोघरीं पोंचला. कारण जी कडी एकट्या शेतकऱ्यास घडवितां येत नव्हती ती संघानें घडविली. गांवच्या संस्थेंत सकाळ-संध्याकाळ दूध घालावें, फॅट पाहून दर मिळावा, आणि दूध थंड करून शहराकडे जावें, अशी ही व्यवस्था आहे. दोन म्हशींच्या धन्यासही तिचा लाभ मिळतो. तात्पर्य, तुटलेली कडी जोडतां येते. मात्र ती तुटलेली आहे हें आधीं दिसावयास हवें.

अपुरें राहणें आणि फसणें

या दोहोंत भेद आहे. राधानगरीजवळ भोगावतीवर शाहू छत्रपतींनीं धरण आरंभिलें. १९१८ च्या सुमारास पैशाच्या अभावीं काम थांबलें, तेव्हां भिंत सुमारें चाळीस फूट झाली होती. १९२२ सालीं महाराज निवर्तले. १९३९ सालीं काम पुन्हां हातीं घेण्यांत आलें व १९५७ पर्यंत तें पुरें झालें. आरंभ करणाराच्या हयातींत जें तडीस गेलें नाहीं, त्यास फसलेलें म्हणावें काय ? नव्हे. जागा बरोबर निवडली होती, पाया खरा होता, आणि गरज वर्षागणिक वाढतच होती. म्हणून पुढच्यांस तें मोडून नव्यानें मांडावें लागलें नाहीं. थांबलेलें काम पाहून हंसण्यापूर्वीं तें कशामुळें थांबलें, हें पाहावें. पैसा संपला असेल तर तो पुन्हां उभा करतां येतो. जागाच चुकली असेल तर पैसा ओतून उपयोग नाहीं.

बंधारा तोच, फळ निराळें

पंचगंगेवर व तिला मिळणाऱ्या नद्यांवर जे ठेंगणे बंधारे आहेत, त्या जातीच्या बंधाऱ्यास महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ असेंच नांव आहे. त्याची युक्ति साधी आहे. पात्रांत खांब उभारावयाचे, खांबांस खांचा ठेवावयाच्या. पावसाळा ओसरला म्हणजे खांचांत बरगे बसवून पाणी अडवावयाचें, आणि पुढील पावसापूर्वीं ते काढून नदी मोकळी करावयाची. पूर अडत नाहीं, गाळ फारसा सांचत नाहीं, खर्चही धरणाच्या मानानें थोडा.

हाच बंधारा इतर जिल्ह्यांत बांधला गेला तेव्हां कित्येक ठिकाणीं तो उन्हाळ्यांत कोरडा राहिला. नकाशा तोच, सिमेंट तेंच. भेद दोन गोष्टींत होता. एक, आमच्या बंधाऱ्यांच्या डोक्यावर राधानगरीसारखा सांठा आहे. तेथून पाणी सुटलें कीं बंधारे पुन्हां भरतात. जेथें वर सांठा नाहीं तेथें पावसाळ्याच्या शेवटचा प्रवाह अडेल तेवढाच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बरगे लवकर घातले तर परतीच्या पावसाचा लोंढा त्यांवर येतो. उशिरां घातले तर नदी आटलेली असते. सांधे नीट न भरल्यास पाणी गळून जातें. हें काम दरवर्षीं, ठरल्या दिवसांत, कोणीतरी करावयास हवें. ज्यांचे पंप त्याच पाण्यावर आहेत, त्यांस गळती दिसली तर झोंप येत नाहीं. जेथें बंधारा केवळ ‘सरकारचा’ राहिला, तेथें बरगे कुजले, चोरीस गेले, किंवा बसवावयाचेच राहिले. बांधकाम एकदांच होतें. राखण दरसाल करावी लागते.

यशाच्या पोटांतील अपयश

शेवटचें उदाहरण शिरोळ तालुक्यांतील. नदीचें पाणी मिळालें, ऊंस पिकला, हें यश. परंतु भारी काळ्या जमिनींत वाजवीपेक्षां अधिक पाणी देत गेल्यानें भूमिजल वर आलें, क्षार पृष्ठभागावर उरले, आणि सोन्यासारखी रानें पांढरीं पडून पडीक झालीं. जिप्सम घालून, ताग-धैंचा गाडून एकेकट्यानें प्रयत्न केले. पण क्षार धुवून बाहेर जाण्यास वाट नसेल तर हे उपाय अपुरे ठरतात. वाट म्हणजे जमिनीखालीं उतार साधून घातलेल्या सच्छिद्र नळ्या. आतां अडचण अशी कीं, नळींतलें पाणी ओढ्याला पोंचण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या बांधाखालून जातें. म्हणून एकट्याचा पैसा व मेहनत येथें कामीं येत नाहीं. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यानें शेतकऱ्यांचे गट करून सामाईक मुख्य नळीची योजना पुढें आणली, तेव्हां पडीक राहिलेल्या रानांत पुन्हां पीक उभें राहिलें.

काय विचारावें ?

या सर्वांवरून आम्हांस असें दिसतें कीं, कामाचें यश आरंभींच्या जोरावर नसून शेवटच्या कडीवर अवलंबून असतें. म्हणून उपसा-सिंचनाची संस्था असो, निचऱ्याची योजना असो किंवा नवें पीक असो, वर्गणी देण्यापूर्वीं पुढील चार प्रश्न विचारावे :

१. बियाण्यापासून रुपयापर्यंतच्या वाटेंत कोणती कडी आपल्या हातीं नाहीं, व ती कोण जोडणार ?

२. पैसा मध्येंच संपला तर झालेलें काम पुढच्यांस उपयोगीं पडेल काय ?

३. उद्घाटनानंतर दरसालचें काम कोण करील, आणि तें न केल्यास त्याचें स्वतःचें काय बुडेल ?

४. हें काम एकट्याच्या बांधांत पुरें होण्याजोगें आहे, कीं शेजाऱ्यावांचून अडणारें आहे ?

यांपैकीं तिसऱ्या प्रश्नास सभेंत नांव घेऊन उत्तर मिळालें नाहीं, तर नारळ फोडण्याची घाई करूं नये. एक हंगाम थांबल्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु फसलेल्या कामानें पैसा जातोच, शिवाय पुढच्या चांगल्या कामावरचा गांवाचा विश्वासही उडतो, आणि तो परत मिळविण्यास एक पिढी लागते.