भावाभिव्यक्ती आणि भावसंक्रमण : ओवी, गोंधळ आणि यंत्र

प्रास्ताविक

'तो आला' आणि 'आला बाई एकदाचा!' ही दोन वाक्ये पाहा. दोहोंतील माहिती एकच आहे. परंतु 'बाई' आणि 'एकदाचा' या शब्दांमुळे दुसऱ्या वाक्यात भावना प्रकट होते. ती सुटकेची की वैतागाची, हे मात्र बोलणारी कोण, येणारा कोण आणि प्रसंग कोणता यांवरून ठरते. म्हणजेच शब्द भावनेकडे निर्देश करतात. तिचा अर्थ नात्यातून निश्चित होतो.

विषय-विवेचन

भरतमुनींनी 'नाट्यशास्त्रा'त रसनिष्पत्तीच्या संदर्भात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव या संकल्पना मांडल्या. विभाव म्हणजे भावना जागवणारे कारण. अनुभाव म्हणजे तिचे बाह्य प्रकटीकरण. व्यभिचारी भाव म्हणजे मुख्य भावनेसोबत येऊन जाणाऱ्या चिंता, शंका यांसारख्या भावच्छटा. यांपैकी पहिल्या दोन संकल्पनांच्या आधारे तीन उदाहरणे तपासू.

(अ) ओवी : पहाटे दळताना स्त्री माहेरची आठवण, भावाची माया, सासरचा जाच ओवीत गात असे. ऐकायला कोणी असेलच असे नव्हते. येथे अभिव्यक्ती आधी, संक्रमण नंतर. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यामुळे जात्याजवळचे ते मनोगत दूरच्या वाचकापर्यंत पोहोचले.

(आ) गोंधळ : तुळजाभवानीच्या धाराशिव जिल्ह्यात गोंधळ कोणाला अपरिचित नाही. दिवटीच्या उजेडात, संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळी आख्यान सांगतो. करुण प्रसंगी श्रोत्यांचे डोळे पाणावतात. ते दुःख गोंधळ्याचे स्वतःचे नसते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंगणात तो हाच प्रसंग रंगवतो. म्हणून 'निर्मात्याला त्या क्षणी भावना झाली तरच कला खरी' ही कसोटी अपुरी ठरते.

(इ) यंत्र : १९६६ मध्ये जोसेफ वाइझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संगणकीय संवाद-कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो बोलणाऱ्याचेच वाक्य बहुधा प्रश्नरूपाने परत करी. तरीही लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागले. पुढे सिंथिया ब्रेझील यांनी 'किस्मेट' हा यंत्रमानव घडवला. तो भुवया, कान व ओठ हलवून आनंद किंवा भीती दर्शवी. येथे अनुभाव आहे. पण यंत्राच्या जीवनात त्यामागे कोणताही विभाव नाही. पाहणाऱ्याची भावना मात्र खरी असते. ती तो स्वतःच्या अनुभवातून पुरवतो.

मग गोंधळी आणि यंत्र यांत भेद कोणता? गोंधळ्याने जन्म, विरह, मृत्यू हे सारे जवळून पाहिलेले असते. समोरच्या घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर तो आख्यान आवरते घेतो. आपल्या शब्दांची जबाबदारी त्याची असते.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. मित्राच्या वडिलांच्या निधनानंतर यंत्राकडून लिहून घेतलेले सांत्वनपत्र भाषेने निर्दोष असेल. परंतु ज्या काकांनी आपल्याला सायकल शिकवली, त्यांचा उल्लेख त्यात आपोआप येणार नाही. ते वाक्य आपणच लिहावे लागते; आणि मित्र बहुधा तेच वाक्य पुन्हा वाचेल.

सारांश

भावनेची चिन्हे शिकता येतात आणि यंत्रालाही शिकवता येतात. त्या चिन्हांमागचे नाते आणि उत्तरदायित्व मात्र माणसालाच निभवावे लागते.

स्वाध्याय

१. अभिव्यक्ती आणि संक्रमण यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील वा गावातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून एक ओवी ऐकून लिहून घ्या. तिच्यातील विभाव व अनुभाव सांगा.