मावशी पेंगतात म्हणून रडू नकोस

अगं, काल रात्री फोनवर तुझा आवाज एवढासा झाला होता. "ताई, मी फळ्यावर अक्षर काढून मागे वळते, तर दोघी पेंगतायत, एकीचा मोबाइल चालू आणि मागच्या रांगेत भिशीचा हिशेब. मला शिकवताच येत नाही." आधी घोटभर पाणी पी बघू. शिकवता येतं तुला. समोरच्या बायका पहाटे पाचपासून पायांवर उभ्या आहेत, तेवढं मात्र तू विसरतेस.

खरं सांगू का, मोठ्या माणसाचं लक्ष उडालं की आपण ते फार मनाला लावून घेतो. माझ्या पहिल्या साक्षरता वर्गात साठीच्या एक मावशी होत्या. पुस्तक हातभर लांब धरायच्या, क्षणभर बघायच्या आणि मिटून मांडीवर ठेवायच्या. मग नजर खिडकीबाहेर. एक दिवस मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मावशी, लक्ष कुठंय तुमचं?" त्यांची सूनही तिथंच बसलेली. दुसऱ्या दिवसापासून मावशी यायच्या बंद झाल्या. घरी गेले तेव्हा कळलं, त्यांना जवळचं दिसतच नव्हतं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. त्या चष्म्याला आपण चाळिशीच म्हणतो की गं, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून उद्या गेल्यावर पहिलं काम हे कर. गप्पा मारता मारता प्रत्येकीला विचार, "सुईत दोरा कोण ओवून देतं?" नातवंडं ओवून देतात म्हणाली, तर तिचे डोळे तपासून घ्यायला लाव. दिवा फळ्यावर नको, त्यांच्या वह्यांवर उजेड पडेल असा लाव. गुडघे दुखणाऱ्यांना भिंतीशी टेकायला जागा दे. आणि बघ, सासू-सून एकाच वर्गात असतील तर सासूला सुनेसमोर फळ्याशी उभं करू नकोस. पेंगणाऱ्या बाईपेक्षा चुकायला घाबरणारी बाई लवकर वर्ग सोडते.

वेळही त्यांनाच ठरवू दे. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. त्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर अडकवून जायच्या, आणि वर्ग भरायचा दुपारी, घरची कामं उरकल्यावर. तुझा वर्ग संध्याकाळी सातचा. त्या वेळी प्रत्येकीच्या डोक्यात भाकरीचं पीठ असतं गं, तिथं तुझा 'क' कुठं मावणार?

आता शिकवण्याचं. तू 'कमळ'पासून सुरुवात केलीस ना? तिथंच मला खटकलं. 1963 साली ब्राझीलमधल्या आंजिकोस गावात पाउलो फ्रेरी यांनी सुमारे तीनशे मजूर माणसांना लिहा-वाचायला शिकवलं. त्यांची रीत अशी, की आधी माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे. वीट हा तसाच एक शब्द. त्यांच्या भाषेत तो 'तिजोलो'. त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचं घराणं मांडायचं, ता ते ति तो तु. आपली बाराखडीच की! फरक एवढाच, की आधी वीट कोण बनवतं, घर कोणाचं होतं यावर बोलणं व्हायचं, अक्षर मागून यायचं. तूही तेच कर. त्यांना रेशनकार्ड आणायला सांग. "यावर तुमचं नाव कुठं आहे?" एवढंच विचार. मोबाइल बंद करायला लावू नकोस, त्यातच लेकीचं नाव शोधायला लाव. स्वतःच्या लेकीचं नाव शोधताना कोणी पेंगत नाही. भिशीचा हिशेब चाललाय? मग तो फळ्यावर घे. बारा जणी, पाचशे रुपये, किती झाले? तुझा गणिताचा तास तिथंच झाला.

हात रिकामे राहिले की त्यांना झोप येते, हे मला फार उशिरा उमगलं. कष्टाची सवय असलेले हात आहेत ते. आता मी सुरुवातीची दहा मिनिटं त्यांना शेंगा सोलू देते, तेवढ्यात मी गोष्ट सांगते किंवा त्यांची ऐकते. वही त्यानंतर. आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त एकसलग लिहायला लावत नाही, बोटं आखडतात.

परीक्षेचा धसका तू घेतलायस, तो मात्र सोड. उल्लास या साक्षरता कार्यक्रमाची चाचणी 150 गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला प्रत्येकी 50. भिशीतली बाई संख्याज्ञानात तुला मागे टाकेल. सही करायला पेन धरताना हात थरथरतो, तिथं तिला तू हवी आहेस.

त्या माझ्या मावशी परत आल्या, बरं का. चाळिशी लावून आल्या, आणि मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवीतून दोन पेरू काढून माझ्या टेबलावर ठेवले.

बरं, सोमवारी रेशनकार्डाचं करून बघ आणि मला फोन कर. नऊनंतर कर, तोवर माझा ओटा आवरून झालेला असतो.