संगणकावर नोकरी करणारा पाहुणा घरी ठेवताना

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतील पुष्कळ तरुण संगणक घेऊन आपापल्या गावी परतले व कचेरीचे काम घरूनच करू लागले. काही कंपन्यांनी ही पद्धत पुढेही चालू ठेवली. अशा नोकरदारास महिनाभर खोली व जेवण देऊन शेतकरी कुटुंबास जोडउत्पन्न मिळविता येईल काय, हा विचार सोनगीरसारख्या, धुळ्याजवळच्या व मुंबई-आग्रा महामार्गावरील गावी करण्याजोगा आहे. परंतु हा पाहुणा सहलीस आलेला नसतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. वीज गेली तर सहलीचा पाहुणा अंगणात खाट टाकून गप्पा मारील. नोकरदाराचे मात्र कामच अडते, आणि दोनदा अडले की तो बिऱ्हाड हलवितो.

पुष्कळांचा पहिला बेत मळ्यात नवी खोली बांधण्याचा असतो. आमचे मत त्याविरुद्ध आहे. शेतीपंपाच्या वाहिनीवर वीज पाळीने व ठरावीक तासच मिळते. शिवाय पंपासाठी सवलतीच्या दराने घेतलेली वीज निवासाकरिता वापरणे नियमबाह्य होय. तेव्हा गावठाणातील घराचीच एखादी रिकामी खोली चुना देऊन उपयोगात आणावी. ती भांडी घडविणाऱ्या तांबटांच्या शेजारी मात्र नसावी. हातोड्याचे ठोके सोनगीरकरांच्या कानास सवयीचे आहेत, संगणकावरून सभेत बसलेल्या परगावच्या माणसास नाहीत!

खोलीसाठी कर्ज काढण्यापूर्वी आठ दिवस चाचणी घ्यावी. त्याच खोलीत, दार लावून, सकाळी व रात्री मोबाईलवर परगावच्या नातलगाशी चित्रासह बोलून पाहावे. मोबाईलवर चित्रपट दिसतो एवढ्यावर विसंबू नये. त्यास माहिती केवळ उतरवून घ्यावी लागते. सभेत ती चढवावीही लागते, आणि चढविण्याचा वेग बहुधा कमी असतो. दोन्ही बाजूंनी ३ ते ४ मेगाबिट वेग असल्यास एका माणसाचे काम भागते. वीज गेल्यावर इंटरनेटचा राऊटर चालू राहावा म्हणून लहान बॅटरीसंच ठेवावा. बॅटरीवरील फवारणी पंपात असते तशी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी १० वॅटचा राऊटर सहा-सात तास चालवू शकते. (फवारणीच्या पंपातीलच बॅटरी काढून खोलीत ठेवू नये.)

आता हिशेबाकडे वळू. समजा, महिन्यास ९,००० रुपये ठरले आणि धान्य, दूध, भाजी, गॅस, वीज व इंटरनेट मिळून ६,००० रुपये खर्च झाला. उरलेल्या ३,००० रुपयांस नफा म्हणण्याची चूक सर्रास होते. दोन वेळचा स्वयंपाक, चहा, झाडलोट, पाणी हे सर्व घरची बाई करते. तिच्या वाट्यास दिवसाचे १०० रुपये येतात. निंदणीची मजुरी याहून अधिक आहे! यास्तव दर ठरविताना तिची मजुरी प्रथम धरावी व दर तिला विचारूनच सांगावा. कळण्याची भाकरी व भरीत पाहुण्यास आवडेल. रोज पाच पदार्थ करण्याची गरज नाही.

पाहुण्याचे ओळखपत्र पाहून पोलीस ठाण्यास कळवावे. खोलीचे भाडे शेतीचे उत्पन्न गणले जात नाही, म्हणून त्याची नोंद वेगळी ठेवावी. मळा दाखविण्याचाही बेत असल्यास २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार नोंदणीची चौकशी पर्यटन संचालनालयाकडे करावी.

पहिला पाहुणा कापसाच्या लागवडीत किंवा वेचणीत घेऊ नये. त्या दिवसांत घरची सर्व माणसे पहाटेपासून शेतात असतात, आणि पाहुण्याची पहिली सभा नेमकी सकाळीच असते.