ग्रंथालय डिजिटल करायचंय? आधी पानं मोजा

शेती, पाणी, आरोग्य, सेंद्रिय खतं या विषयांवरच्या जुन्या पुस्तिका गावोगावच्या वाचनालयांत पडून आहेत. त्या डिजिटल करायचं ठरलं की समिती पहिल्यांदा स्कॅनरचं कोटेशन मागवते. कृपा करून तसं करू नका. खर्च ठरतो तो पानांवर.

ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं, तर कॉम्प्रेस न केलेली टिफ फाइल सुमारे २६ एमबीची होते. २०० पानांचं पुस्तक ५.२ जीबी, अशी हजार पुस्तकं ५.२ टीबी. प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. म्हणजे जवळपास १६ टीबी. रंगीत चित्रं नसलेली पुस्तकं ग्रेस्केलमध्ये घेतली, तर एवढ्याच कामाला एक तृतीयांश जागा पुरते.

डिस्क मात्र यातली स्वस्त बाब. हजार पुस्तकांची दोन लाख पानं होतात आणि पानामागे एक रुपया वाढला तरी बिल दोन लाखांनी फुगतं. म्हणून दरात काय काय धरलंय ते लेखी घ्या: तिरकी पानं सरळ करणं, राहिलेली पानं पुन्हा स्कॅन करणं, ओसीआर (पानाच्या चित्रातून मजकूर ओळखणं). टेसरॅक्ट हे ओसीआर मोफत आहे आणि मराठी वाचतं. पण खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकांतली जोडाक्षरं चुकतात. तिथे मुद्रितशोधक लागतोच आणि त्याच्या मानधनात काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे. मजकूर असा नीट हाती आला की जागाही वाचते. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात घडलेल्या ग्रीनस्टोन या डिजिटल ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर विकासविषयक साहित्याची ‘ह्युमॅनिटी डेव्हलपमेंट लायब्ररी’ तयार झाली. तिच्यातल्या १,२३० प्रकाशनांची सुमारे १,६०,००० पानं एका सीडीवर मावली, कारण पानांचे फोटो न ठेवता शोधता येईल असा मजकूर ठेवला होता. इंटरनेट नसलेल्या ठिकाणीही ती चालायची. ग्रीनस्टोनला परवाना शुल्क नाही.

प्रत्येक पुस्तकाची नोंद डब्लिन कोअर या नोंदणीच्या प्रमाण पद्धतीच्या १५ रकान्यांत करा. त्यासाठी लागणारा ग्रंथपालाचा वेळ अंदाजपत्रकात मांडा. कॉपीराइटही आधी तपासा. लेखकाच्या हयातीत छापलेलं पुस्तक त्याच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षांनी खुलं होतं. साने गुरुजींचं निधन १९५० चं, म्हणून त्यांची तशी पुस्तकं २०११ पासून खुली आहेत.

डिस्क काही वर्षांनी बदलाव्या लागतात, त्याची तरतूद आजच करा. आणि आधी दहा पुस्तकांचा नमुना करून घ्या, त्यात मराठी शब्द शोधून पाहा, मगच कंत्राटावर सही करा.