बोअर वाढविण्याआधी माप घ्या
दोन स्ट्रोक इंजिनाचे काम करणाऱ्या मिस्त्री बांधवांसाठी

औशात लातूर-तुळजापूर रस्त्याला गॅरेज टाकून बसलेल्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, दोन स्ट्रोकच्या गाडीने त्याचे घर चालविले असे तो सांगेल. ह्या गाड्या बंद होऊन बरीच वर्षे झाली. येझदी बनविणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 साली बंद पडला आणि त्याच वर्षी यामाहा आरएक्स 100 चे उत्पादनही थांबले. तरी गिऱ्हाईक येतेच. पूर्वी दूधवाला किंवा शेतकरी यायचा, त्याला गाडी फक्त चालू हवी असे. आता हौशी तरुण येतो आणि म्हणतो, "वस्ताद, मोठा बोअर मारा, गाडी उडाली पाहिजे." तो पैसाही बरा देतो. म्हणून हे काम हिशेबासह समजून घेतले पाहिजे.

आधी हिशेब करू. बोअर गुणिले बोअर, गुणिले 0.7854, गुणिले स्ट्रोक. मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर सीसीमध्ये येते. आरएक्स 100 चा बोअर 50 मिलिमीटर आणि स्ट्रोकही 50, म्हणजे 98 सीसी. आता 1.00 चा ओव्हरसाइज पिस्टन टाकला, बोअर 51 झाला, तर इंजिन 102 सीसीचे होते. वाढ फक्त 4 सीसी! राजदूत 350 चा बोअर 64, स्ट्रोक 54 आणि सिलिंडर दोन. म्हणजे 347 सीसी. तेथे एक मिलिमीटर वाढविल्यास 358 होतात. एवढ्याने गाडी उडत नाही.

आणि ह्या 4 सीसीची किंमत काय? ओव्हरसाइज पिस्टन साधारणपणे 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 अशा पायऱ्यांनी येतात. स्टँडर्ड ब्लॉक एकदम 1.00 वर नेला की मधली तीन बोअरिंगे गेली. पुढच्या खेपेला नवी स्लीव्ह घालण्यावाचून इलाज नाही. अस्सल ब्लॉक आता सहज मिळत नाही, त्यामुळे ब्लॉक हे गिऱ्हाइकाचे भांडवल आहे आणि ते आपल्याकडे अमानत म्हणून आलेले असते. गरज असेल तेवढेच कापा.

मग ताकद येते कोठून? ह्याचे उत्तर राजदूत 350 मध्येच आहे. जपानमधील मूळ यामाहा आरडी 350 ची ताकद 39 हॉर्सपॉवर होती. एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 साली तीच गाडी आपल्याकडे आणली तेव्हा ती 30.5 झाली आणि पुढच्या मॉडेलमध्ये 27 वर आली. बोअर तोच, स्ट्रोक तोच, 347 सीसी तेच! येथे पेट्रोल महाग म्हणून मायलेजकडे पाहून इंजिन दाबले होते. म्हणजे ताकदीचा खेळ पोर्ट आणि सायलेन्सर ह्यांत आहे. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने 1950 नंतरच्या दशकात हे सिद्ध केले. सायलेन्सरच्या फुगीर पोटातून आणि निमुळत्या शेपटीतून परत येणारी दाबाची लाट, बाहेर निसटणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर 1961 साली पळून गेला आणि ही विद्या सुझुकीकडे घेऊन गेला. 1962 साली सुझुकीने 50 सीसीचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. आपल्याकडे मात्र सायलेन्सरची जाळी कापून टाकली की ट्यूनिंग झाले असे समजतात. त्याने आवाज वाढतो, खालची ओढ जाते.

आता प्रत्यक्ष काम. दुसऱ्या गाडीचा पिस्टन बसविण्याचा मोह अनेकांना होतो. त्यापूर्वी पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची जुन्या पिस्टनशी ताडून पाहा. ती एक मिलिमीटरनेही वेगळी असली तर सगळ्या पोर्टांची उघडझाप बदलते. पिस्टनचा खालचा घेर किती लांब आहे तेही पाहा, कारण बहुतेक जुन्या इंजिनांत इनटेक पोर्ट त्यानेच उघडतो. रिंगेची खुंटी कोणत्याही पोर्टच्या तोंडावरून जाता कामा नये. गेली तर रिंगेचे टोक पोर्टमध्ये अडकणारच. बाण सायलेन्सरच्या दिशेने ठेवावा.

लेथवाल्याकडे ब्लॉक पाठविताना पिस्टन सोबत द्या. "50 मारा" एवढी चिठ्ठी पुरत नाही. पिस्टनच्या डब्यावर किंवा कंपनीच्या पुस्तकात जेवढी फट लिहिलेली असेल तेवढी ठेवून, पिस्टन मायक्रोमीटरने मोजूनच बोअर ठरतो. बोअर ब्लॉकच्या बैठकीशी काटकोनात हवा आणि शेवटचे माप होनिंगने आणावे.

बोअरिंग झाल्यावर पोर्टांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. त्या बारीक दगडाने किंवा कानसने मोडून गोल कराव्या लागतात. मी शिकाऊ असताना एका दूधवाल्याच्या गाडीत ही एक गोष्ट विसरलो. गाडी सुरू झाली, छान वाजली, आणि तिसऱ्या दिवशी तो पहाटे रस्त्यात उभा राहिला. रिंग तुटली होती आणि ब्लॉकला वरपासून खालपर्यंत रेघ पडली होती. त्याचे दोन दिवसांचे दूध नासले. ब्लॉक आणि पिस्टन मी पदरचे भरले. दुधाचे पैसे त्याने मागितले नाहीत, पण गाडी पुन्हा माझ्याकडे आणली नाही.

बोअर वाढला की हेडमधला दाबही वाढतो. पिस्टनवर पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवून, हेड कसून, क्रँक हाताने एकदा फिरवावा. दबलेली तार मोजली की पिस्टन व हेड ह्यांमधील जागा कळते. बेस पॅकिंग बदलून ही जागा जुळविता येते, पण जाड पॅकिंगने सगळे पोर्ट वर जातात हे विसरू नका. वरचा वेग वाढतो, चढावर मात्र गाडी रडते.

इंजिन जास्त हवा ओढू लागले की मेन जेट मोठा लागतो. सुरुवात मोठ्या जेटने करून हळूहळू खाली यावे. उलट केले तर पिस्टन धरतो. प्लग पांढरा दिसला तर लगेच थांबा. काहीजण पिस्टन वाचावा म्हणून पेट्रोलमध्ये ऑईल वाढवितात. पण टाकीत ऑईल जास्त म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल कमी, आणि मिश्रण आणखी पातळ! मॅग्नेटकडचे ऑईल सील गेले असेल तरीही हवा शिरते आणि जेट कितीही बदलला तरी गाडी गरम होत राहते. म्हणून बोअर मारताना दोन्ही सील नवीन टाकावीत. आता पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनेही मिश्रण पातळ होते आणि जुनी रबरे फुगतात. दोन पावसाळ्यांपूर्वीचा जेट आज चालेलच असे नाही.

गिऱ्हाइकाला कायदाही सांगावा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आरएक्स 100 वर 135 चा ब्लॉक चढविणे हा असाच बदल आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकास प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न वेगळाच.

गाडी देताना जुना व नवा बोअर, पिस्टनचे माप, ठेवलेली फट आणि जेटचा नंबर एका वहीत लिहून त्याची नक्कल गिऱ्हाइकाला द्यावी. पहिले 500 किलोमीटर अर्ध्याहून जास्त ॲक्सिलरेटर देऊ नये, डबलसीट चढ टाळावा, आणि त्यानंतर एकदा गाडी आणून हेडचे नट कसून घ्यावेत, हेही त्याच कागदावर खाली लिहून द्यावे.