आड, अडकित्ता आणि खिंड : संकटवाचक वाक्प्रचारांचा अर्थविचार

संकटस्थिती व्यक्त करणारे इंग्रजी वाक्प्रचार शिकविताना त्यांना एकच ठरीव मराठी प्रतिरूप देण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. सैतान आणि खोल समुद्र यांच्यामध्ये सापडलेल्या माणसासाठी ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असे सांगून आपण मोकळे होतो. आशय जुळतो, प्रतिमा मात्र जुळत नाही. सैतान आणि समुद्र मुळातच भयकारी आहेत. आड आणि विहीर ही जीवनाधार. तोल गेला की तीच मृत्यूचे कारण ठरतात.

‘अडकित्त्यात सापडणे’ या प्रयोगात तर पर्यायच उरत नाही. आड-विहिरीत निवड आहे. येथे केवळ दाब आहे.

तिसरा प्रयोग भूरूपातून येतो. वेल्हे-भोरच्या मावळात, तोरणा-राजगडाच्या परिसरात, खिंड ही रोजच्या वाटेवरची वस्तू आहे. ‘खिंडीत सापडणे’ म्हणजे कोंडी. ‘खिंड लढविणे’ म्हणजे त्याच अरुंदपणाचा आधार घेऊन टिकून राहणे. या दुसऱ्या प्रयोगामागे १३ जुलै १६६० रोजीच्या घोडखिंडीतील लढाईची स्मृती उभी आहे. तेथे बाजीप्रभू देशपांडे यांच्यासह लढलेले बांदल हिरडस मावळातले, म्हणजे भोर परिसरातलेच होत. नाम तेच राहते. क्रियापद बदलताच सापडलेला माणूस लढणारा होतो.

म्हणून प्रतिरूप देण्यापूर्वी विचारावयास हवे : येथे निवड आहे, दाब आहे, की प्रतिकार? अन्यथा मावळातील विद्यार्थ्याला परभाषेतील अर्थ कळेल. पण त्याच्याच भूमीने घडविलेला अर्थभेद त्याच्या हातून निसटेल.